पडद्यामागची मान

बाईंच्या मानेवर गाठ आली, तेव्हा तिचे निदान करण्यासाठी बाईंना आरशाचीही गरज पडली नाही. सकाळी गळ्यातली साखळी सारखी करताना बोटांना काहीतरी लागले, आणि बोटे बाईंची, म्हणजे निवृत्त सर्जनची, असल्यामुळे त्यांनी पुढचे सगळे काम बाईंना न विचारताच उरकून टाकले. उजव्या जबड्याच्या कोनाखाली, मानेच्या तिरक्या स्नायूच्या पुढच्या कडेला, लिंबाएवढी, गुळगुळीत, दाबली की दबणारी, सोडली की पुन्हा भरणारी, कातडीला न चिकटलेली, न दुखणारी. आत पाणी. चहाला उकळी येईपर्यंत निदान तयार होते.

"ब्रँकिअल सिस्ट," त्यांनी न्याहारीच्या टेबलावर जाहीर केले, आणि ती काय असते तेही सांगितले, कारण न विचारलेले सांगणे हा त्या घरात त्यांचाच मान होता. पोटातल्या प्रत्येक बाळाच्या मानेला माशाच्या कल्ल्यांसारख्या घड्या असतात. जन्मापूर्वी त्या विरून जातात. एखादीचा धागा मागे राहिला, तर पुढे कधीतरी त्यात पाणी साचते आणि गाठ दिसू लागते. बहुधा विशीत. बाईंनी सत्तरी गाठत आणली होती. पण गाठीने उशीर केला, यात बाईंचा काय दोष?

"म्हणजे जन्मापासूनची आहे?" यजमानांनी पावावर लोणी लावत विचारले. यजमान निवृत्त अभियंते. आयुष्यभर त्यांनी पूल बांधले आणि घरात मात्र ते पुलाखालच्या पाण्यासारखे राहिले.

"जन्माच्या आधीपासूनची."

"मग माझ्या सासऱ्यांनी मला फसवलं म्हणायचं. लग्नात कुणी बोललं नाही."

"तुमच्या टकलाबद्दल तरी कोण बोललं होतं?"

सून हसू दाबत उठली आणि किटली घेऊन परत आली. ती शाळेत गणित शिकवत असे. उत्तर बरोबर असले तरी रीत दाखवल्याशिवाय गुण न देणारी. "आई, पण कुणाला तरी दाखवून घ्यायला हवं ना?"

"कुणाला दाखवू?"

प्रश्न उर्मट वाटला, तरी खरा होता. त्या शहरात मानेवर सुरी धरायचा ज्यांना ज्यांना परवाना होता, त्या सगळ्यांच्या हातात पहिली सुरी बाईंनीच दिलेली. शिष्य घडवताना त्यांनी एक गोष्ट इतकी पक्की केली होती की, बाईंच्या पुढ्यात दुसरे मत असू शकते ही कल्पनाच कुणाच्या डोक्यात शिल्लक राहिली नव्हती. आता दुसरे मत हवे होते, आणि ते पीक त्या मातीत येईनासे झाले होते.

बाईंचा एक नियम होता. तो शस्त्रक्रिया विभागाच्या भिंतींनाही पाठ असेल. चाळिशीपुढच्या माणसाच्या मानेला बाजूने पाण्याची गाठ आली, तर ती जन्मजात समजायची नाही. "गाठ म्हणजे भिंतीवरची ओल," बाई वर्गात सांगत. "ओल दिसली की भिंत रंगवतो तो रंगारी. आपण गवंडी. ओल खाली असते, गळती वर." वर म्हणजे तोंडात: टॉन्सिल, जिभेचे मूळ, घसा. तिथे वाटाण्याएवढा कॅन्सर गुपचूप बसलेला असतो, आणि त्याची पिल्ले मानेतल्या ग्रंथींत उतरून पाणी धरतात. बाहेरून पाहावे तर हुबेहूब निरुपद्रवी सिस्ट. म्हणून तोंड उघडून, दिवा धरून, हातमोज्याच्या बोटाने चाचपल्याशिवाय गाठीला नाव द्यायचे नाही. जो देईल तो नापास. अशी दोन पिढ्यांची पोरे बाईंनी नापास केली होती.

नियम बाईंचा, गाठ बाईंची, वय बाईंचे. तोंडाचे तेवढे राहिले होते.

राहण्याला कारण होते, आणि ते न्हाणीघराच्या बंद दाराआड, झाकणाच्या भांड्यात, पाण्यात ठेवलेले असे. बाईंना कवळी होती. वरची आणि खालची, पूर्ण. ती बसवणारा दंतवैद्य परगावचा होता आणि आता तोही हयात नव्हता, ही त्याची सर्वांत मोठी पात्रता. घरात कुणाला ठाऊक नाही, अशी बाईंची खात्री होती. यजमानांना ठाऊक होते. पण उभ्या पुलाच्या पायाबद्दल लोकांत बोलू नये, हे त्यांना धंद्यानेच शिकवले होते. सुनेलाही ठाऊक होते. म्हणून तर त्या घरात सफरचंद नेहमी पातळ फोडी करूनच टेबलावर येई. सगळे मिळून बाईंचे गुपित बाईंपासून जपत होते.

कवळी काढल्याशिवाय तोंडाची तपासणी पुरी होत नाही, हेही बाईंनीच शिकवलेले. ज्या तोंडाला अख्खे रुग्णालय चाळीस वर्षे चळचळा कापले, ते तोंड बोळके करून कुणा शिष्यापुढे उघडायचे? त्यापेक्षा गाठ जन्मजात असणे केव्हाही सोयीचे होते.

अखेर सुनेच्या समाधानासाठी बाई विभागप्रमुखाकडे गेल्या. विभागप्रमुख त्यांचाच जुना शिष्य. हाताने उत्तम, मणक्याने मेणाचा. विद्यार्थिदशेतच त्याला 'होयबा' नाव पडले होते, आणि खुर्ची मिळाल्यावरही ते खुर्चीला चिकटूनच राहिले. त्याने गाठ दोन्ही हातांनी, देवाची मूर्ती चाचपावी तशी चाचपली.

"अगदी बरोबर, बाई."

"काय बरोबर? मी अजून काही बोललेच नाही."

"जे बोलाल ते, बाई."

मग सुई घालून पाणी काढले गेले. पिवळसर, किंचित गढूळ, उजेडात धरले की बारीक चमकणारे. "बघ, पुस्तकातलं पाणी," बाई म्हणाल्या. तपासणीत वाईट पेशी सापडल्या नाहीत. अहवालाच्या तळाशी पेशी पाहणाऱ्या डॉक्टरने भीतभीत लिहिले होते की, हे रुग्णाच्या तपासणीशी ताडून पाहावे. 'रिकामे जाळे वर आले म्हणजे तळ्यात मासा नाही असे नव्हे,' हे वाक्य एके काळी बाई अशाच अहवालांवर लाल शाईने लिहीत. या वेळी लाल पेन सापडले नाही. सोनोग्राफीत गाठीची भिंत एका बाजूला जराशी जाड दिसली, त्यावर बाई म्हणाल्या, "पोरीनं यंत्र दाबून धरलं असेल."

होयबा एकदा धीर करून म्हणाला, "बाई, एकदा तोंड..."

"काय तोंड?"

"तोंड गोड करायला हवं म्हटलं. अहवाल छान आला."

ठरले. येत्या सोमवारी छोटी शस्त्रक्रिया: गाठ काढायची, टाके घालायचे, संध्याकाळी घरी. गाठ सिस्ट असेल, तर एवढ्यावर भागत होते. नसेल, तर तिच्यावर आंधळेपणाने सुरी घालणे म्हणजे पिठाचे फाटके पोते झटकणे. जे एका जागी आहे ते मानभर उधळायचे, आणि वरचे मूळ मजेत वाढत राहायचे. हेही बाईंचेच वाक्य. अलीकडे बाईंना गिळताना उजवीकडे काटा अडल्यासारखे वाटे, आणि उजवा कान ठणके. काट्याचा दोष त्यांनी कवळीला दिला आणि कानाचा खिडकीतल्या वाऱ्याला. खिडकी बंद करून घेतली. कान ठणकतच राहिला, तेव्हा दोष खिडकीच्या कडीला दिला.

सोमवारच्या आधी, त्याच आठवड्यात, विभागाची तोंडी परीक्षा होती. निवृत्तीनंतरही बाईंना या दिवशी आग्रहाने बोलावत. त्या पहिल्या रांगेतल्या खुर्चीवर बसत आणि परीक्षकांची परीक्षा घेत. या वर्षी मात्र होयबा दारातच हात चोळत उभा होता.

"मानेचा पेशंट पळाला, बाई. काल संध्याकाळी डबा आणायला जातो म्हणाला, तो गेलाच. मानेच्या गाठीचा प्रश्न आता विचारायचा कसा?"

बाईंनी क्षणभर विचार केला. खरे तर विचार करण्याजोगे काही नव्हते. इतकी देखणी, इतकी नमुनेदार गाठ दुसऱ्या कुणाच्या मानेवर असती, तर त्यांनी त्या माणसाला धाडून आणले असते. आपण होऊन हात दाखवून अवलक्षण करून घेण्याची ही वेळ आहे, असे त्यांना मुळीच वाटले नाही. वाटला तो अभिमान.

"मी बसते," त्या म्हणाल्या. "पडदा आहेच."

पडद्याची कथा सांगायला हवी. फार वर्षांपूर्वी बाईंनी परीक्षेच्या दालनात एका दांडीवर जाड पांढरा पडदा टांगला होता. रुग्ण खुर्चीत बसे. हनुवटीपासून वर सगळे पडद्यामागे, मान तेवढी पडद्यापुढे. चेहरा पाहून मुले उत्तर ताडतात, म्हणून ही सोय, असे सर्वांना सांगितले गेले. खरी मेख बाईंनी कुणाला सांगितली नव्हती. पडदा हीच परीक्षा होती. मानेवरून हात फिरवून जो नुसते नाव सांगे, तो घरी जाई. जो म्हणे, 'हा पडदा बाजूला करा, मला तोंड पाहायचं आहे,' तोच उत्तीर्ण.

बाई निवृत्त झाल्या. पडदा राहिला, मेख बाईंबरोबर घरी गेली. त्या दिवशी खुर्चीत बसताना बाईंना पडद्यावर टाचलेली एक पाटी दिसली. स्वच्छ, सुरेख अक्षरात: 'पडदा हलवू नये.'

"ही कुणी लावली?"

"मीच, बाई. तुमच्या सन्मानार्थ," होयबा म्हणाला. "कार्डावर वय काय लिहू?"

"अठ्ठावीस."

होयबाने पेनाचे टोपण काढले. बाईंनीच पुढे स्पष्टीकरण दिले, जे सहसा त्या देत नसत. "खरं वय लिहिलंस, तर पोरं भलतीकडे जातील."

"होय, बाई."

भलतीकडे म्हणजे कुठे, हे दोघांपैकी कुणी विचारले नाही.

घंटा वाजली. पहिल्या उमेदवाराची बोटे बर्फासारखी होती आणि त्याने गाठीपेक्षा स्वतःचाच श्वास जास्त मोजला. दुसऱ्याने रुग्णाला जीभ बाहेर काढायला सांगितले. ही तपासणी मानेच्या मधोमध असलेल्या गाठीची. जीभ बाहेर आली की ती गाठ वर सरकते. बाजूच्या गाठीला तिचा काडीचा उपयोग नाही. तरी पडद्याआड कुणी पाहत नसल्यामुळे बाईंनी जीभ काढली, आणि काढलीच आहे म्हणून आणखी थोडी, त्याला वेडावल्यासारखी, बाहेर धरली. तिसऱ्याने बॅटरी लावून गाठीतून उजेड आरपार जातो का ते पाहिले. चौथ्याने नाडी मोजली, कशाची ते त्यालाच ठाऊक.

"निदान?" होयबा प्रत्येकाला विचारी.

"ब्रँकिअल सिस्ट, सर."

"कशावरून?"

"वय अठ्ठावीस, सर. जागा बरोबर. पाण्याची गाठ."

"वा. पुढचा."

पहिल्या उत्तराने बाई सुखावल्या. दुसऱ्याने थोड्या कमी. चौथ्याला त्यांच्या मुठी खुर्चीच्या हातांवर आवळल्या होत्या. उत्तर त्यांचेच होते, शब्दाला शब्द. आणि तेच ऐकून त्यांचा पारा चढत होता. 'अरे बैला, वरचा मजला!' हे शब्द दोनदा ओठांपर्यंत आले आणि दोनदा कवळीवर आपटून परत गेले. ज्या मानेवर सुरकुत्यांचे जाळे आहे, त्या मानेखाली 'वय अठ्ठावीस' असे कार्ड लटकते आहे, आणि चार शिकलेली माणसे कातडीवर विश्वास न ठेवता कार्डावर ठेवतात! शिकवले कुणी यांना? हा प्रश्न त्यांनी पडद्याला विचारला, आणि पडदा सभ्य असल्यामुळे गप्प राहिला.

मग एक मुलगी आली. चपलेचा आवाज न करता, श्वासातही घाई न करता. ही दोनदा नापास झालेली, हे उमेदवारांची यादी पाहिल्यामुळे बाईंना ठाऊक होते. विभागात तिला 'शंकाबाई' म्हणत. मागच्या खेपेला तिने परीक्षकालाच 'हे कशावरून?' असे विचारले होते आणि त्याचे उत्तर तिला निकालात मिळाले होते.

तिची बोटे कोमट होती. घाई न करता ती गाठीभोवती फिरली, खाली गळपट्टीच्या हाडापर्यंत गेली, दुसऱ्या बाजूने वर आली. मग ती थांबली, आणि बोटे गाठीवरून उठून मानेच्या कातडीवर आली. चिमटीत धरून तिने कातडी सोडली. कातडी आपल्या जागी सावकाश परतली, वयस्क माणूस खुर्चीत बसावा तशी.

"गिळताना त्रास होतो का हो?" पडद्याला उद्देशून ती म्हणाली.

रुग्णाने बोलायचे नाही, बोट हलवायचे, या होयबाने लावलेल्या शिस्तीप्रमाणे बाईंनी 'हो'ची खूण केली. मग त्यांना स्वतःच्या बोटाचा राग आला.

"कान दुखतो? याच बाजूचा?"

बोट काही काळ खुर्चीच्या हातावर अडून राहिले. मग हलले. खोटे निदान करणे वेगळे, आणि तपासणीत खोटी लक्षणे सांगणे वेगळे. दुसरे पाप बाईंनी आयुष्यात कुणालाच माफ केले नव्हते.

"सर, पडदा बाजूला करायचा आहे. मला तोंड पाहायचं आहे."

होयबाने पाटीकडे बोट दाखवले. "वाचता येतं ना?"

"येतं, सर. का हलवायचा नाही, ते लिहिलेलं नाही."

"पद्धत आहे. बाईंनी घालून दिलेली. निदान सांग."

"निदान नाही."

"म्हणजे?"

"तोंड पाहिल्याशिवाय मी या गाठीला नाव देणार नाही. कार्ड अठ्ठावीस वर्षांचं असेल, सर. मान नाही."

"चारही जणांनी सिस्ट सांगितलंय."

"मग मी पाचवी नाही सांगत."

होयबाच्या आवाजात प्रथमच थोडी माया आली, आणि ती अधिकच भयंकर होती. "अगं, तिसरी खेप आहे तुझी. एक शब्द बोल आणि जा. मला नाइलाजानं नापास लिहावं लागेल."

"लिहा, सर."

पडद्यामागे बाईंनी डोळे मिटले. सगळे अगदी स्पष्ट होते, आरशात पाहावे तसे. गप्प बसले, तर सोमवारी छोटी शस्त्रक्रिया, कवळी जागच्या जागी, आणि ही मुलगी नापास. इतक्या वर्षांत बाईंच्या नियमाने पुष्कळ नापास झाले होते. पण नियम पाळल्याबद्दल नापास होणारी ही पहिली ठरली असती. आपल्या जिवाची गोष्ट बाईंनी महिनाभर टाळली होती आणि आणखीही टाळली असती. जीव आपला होता, त्याला काही सांगून समजावता आले असते. पण चुकीचा निकाल लागतो आहे आणि आपण खुर्चीत बसून आहोत, हे त्यांच्याने सोसवेना.

त्यांनी पाटीसकट पडदा एका झटक्यात बाजूला ओढला.

मुलगी एक पाऊल मागे सरली. हा चेहरा तिने विभागाच्या भिंतीवर, काचेच्या चौकटीत, रोज पाहिलेला होता. तो चौकटीतल्यापेक्षा रागावलेला होता.

"बघत काय राहिलीस? तोंड पाहायचंय ना? पाहा."

मुलीने हातमोजे चढवले. दिवा पुढे ओढला. "बाई, कवळी काढून ठेवावी लागेल."

"कुणी सांगितलं तुला कवळी आहे म्हणून?"

होयबा भिंतीकडे तोंड करून उभा राहिला होता, सद्गृहस्थाने राहावे तसा. पण त्याचा एक हात मागे आला होता, आणि त्या हातात स्टीलचा लहानसा ट्रे होता. ट्रेमध्ये स्वच्छ गॉज पसरून ठेवलेला. ही तयारी त्या क्षणाची नव्हती.

बाईंनी ट्रेकडे पाहिले, होयबाच्या पाठीकडे पाहिले. "कधीपासून?"

"आम्ही दुसऱ्या वर्षाला होतो, बाई," होयबा भिंतीला म्हणाला. "सगळ्या वर्गाला माहीत होतं."

ताकाला जाऊन इतकी वर्षे भांडे लपवले, आणि ते भांडे पहिल्या दिवसापासून सगळ्यांच्या डोळ्यांसमोर, काचेचे! बाईंनी दोन्ही कवळ्या काढल्या आणि ट्रेमध्ये ठेवल्या. लहानसा आवाज झाला. कुणी हसले नाही. कुणी हसणार नव्हतेच. हसायचे ते सगळे पूर्वीच हसून झाले होते.

मुलीचे बोट आत गेले. डावीकडून सुरुवात केली. रीत तीच, आधी चांगली बाजू, मग संशयाची. जिभेचे मूळ. मग उजवा टॉन्सिल. बाईंना उमासा आला. बोट हलले नाही. ते एका जागी थांबले, मागे आले, पुन्हा त्याच जागी गेले. हजारो तोंडांत बाईंचे स्वतःचे बोट असे थांबलेले होते. थांबलेल्या बोटाचा अर्थ त्यांना सांगावा लागला नसता.

मुलीने हात बाहेर काढला.

"सांग," बाई म्हणाल्या. दातांविना आवाज मऊ झाला होता, हुकूम मात्र तोच. "परीक्षा संपलेली नाही."

"उजव्या टॉन्सिलमध्ये टणक लागतंय, बाई. बाहेरून दिसत नाही, बोटालाच लागतं. मानेतली गाठ जन्मजात धरता येणार नाही. टॉन्सिलचा तुकडा काढून तपासायला हवा. तोवर गाठीला हात लावायचा नाही."

"तुकड्यात काय सापडेल?"

"कॅन्सर, असं धरून चालायचं. खोटं ठरलं तर बरंच आहे."

"आणि पाणी तपासलं त्यात काही सापडलं नाही, त्याचं काय?"

"रिकामं जाळं, बाई," मुलगी हळूच म्हणाली. "तुमच्याच जुन्या टिपणात वाचलंय."

बाईंनी मान हलवली. ट्रे जवळ ओढून दोन्ही कवळ्या बसवल्या, आणि घोगरा घसा साफ करून निकाल सांगितला. "ही पास. बाकीचे चौघं पुढच्या खेपेला."

"होय, बाई." होयबा वळला. "पण बाई, तोंड न पाहता नाव देणारा नापास म्हटलं, तर मग मीही..."

"तू पहिला," बाई म्हणाल्या. "म्हणजे दुसरा."

तुकडा काढला गेला आणि मुलीचे उत्तर बरोबर निघाले. आजार मानेपुढे कुठे गेला नव्हता, एवढी त्याने मर्यादा पाळली होती. सोमवारची शस्त्रक्रिया रद्द झाली, आणि त्या जागी उपचार कसा करायचा हे ठरवायला सगळे रुग्णालयातल्या एका लहान खोलीत जमले. यजमान टोपी मांडीवर घेऊन कोपऱ्यात बसले. सून त्यांच्याशेजारी. होयबा उभा, शंकाबाई त्याच्या मागे.

बाईंनी सभा नेहमीप्रमाणे स्वतःच चालवली. "किरणं मला नकोत. तोंड कोरडं पडतं, चव जाते, दोन-दोन महिने धड बोलता येत नाही. मी नाही बोलले तर घरचं काय होईल?"

"शांतता होईल," यजमान टोपीकडे पाहत म्हणाले.

"अहो, तुम्ही गप्प बसा. होयबा, ऐक. मानेतली गाठ तेवढी काढ, वरचं मी सांभाळते. आरसा धर, मी सांगत जाते कुठं कापायचं ते. सोमवार धर."

इतकी वर्षे ज्या दोन अक्षरांवर त्या माणसाचे सगळे आयुष्य तोलून उभे होते, त्यांची सगळ्यांनी वाट पाहिली. होयबाने जमिनीकडे पाहिले. मागे उभ्या मुलीकडे पाहिले. मग आयुष्यात पहिल्यांदा बाईंच्या डोळ्यांत पाहिले.

"नाही, बाई."

यजमानांनी टोपीवरून नजर उचलली.

"काय म्हणालास?"

"नाही म्हणालो, बाई." त्याच्या कपाळावर घाम आला होता, पण तो मागे सरला नाही. "मी गाठ काढणार नाही. दुसऱ्या कुणालाही काढू देणार नाही."

"कारण?"

हा एक शब्द बाईंनी ज्या सुरात उच्चारला, तो दालनातला सूर होता, परीक्षेचा. होयबाने तो ओळखला आणि सरळ उभा राहून उत्तर देऊ लागला. मूळ वर आहे. खालची गाठ काढली, तर वरचे तसेच राहील. "ओल खाली, गळती वर, बाई. नुसती भिंत रंगवून काय उपयोग? या आजारात किरणं आणि जोडीला औषध दिलं, तर बरीच माणसं पुरती बरी होतात. त्रास होईल. चव जाईल, बहुतेकांची परत येते. आवाजही परत येईल."

"येईलच," यजमान म्हणाले. "त्याबद्दल मला शंका नाही."

बाई बराच वेळ होयबाकडे पाहत राहिल्या, मठ्ठ ठरवून शेवटच्या बाकावर बसवलेल्या मुलाने अचानक फळ्यापुढे येऊन गणित सोडवावे, तेव्हा पाहावे तशा.

"इतकी वर्षं लावलीस," त्या म्हणाल्या.

मग त्यांनी विचारले, सुरुवात कशाने. किरण देताना डोके हलू नये म्हणून चेहऱ्यावर आणि मानेवर बसणारा जाळीचा मुखवटा करावा लागतो, शंकाबाईने सांगितले. त्याचे माप आजच घेता येईल. शेजारच्या खोलीत सगळे तयार आहे. फक्त माप घेताना... ती थांबली.

"बोल. शंका अर्धवट ठेवू नये."

"कवळी काढून घ्यावी लागते, बाई."

बाईंनी कोपऱ्याकडे पाहिले. चाळीसहून जास्त वर्षांच्या संसारात या माणसासमोर त्यांनी जे केले नव्हते, ते त्यांनी तिथल्या तिथे केले: दोन्ही कवळ्या काढल्या आणि सुनेच्या हातात दिल्या. सुनेने त्या घेतल्या, आणि पिशवीतून झाकणाचे भांडे काढले. न्हाणीघरातलेच. ते तिने घरून निघतानाच बरोबर घेतले होते.

यजमान उठले, बायकोपाशी आले आणि बोळक्या तोंडाकडे नीट, अभियंत्याच्या नजरेने पाहून म्हणाले, "पाया ठीक दिसतोय. चल, मी बाहेर बसतो."

"बाहेर कशाला?" बाई म्हणाल्या. "आत या. टोपी आणा." आणि होयबाने दार उघडले, तेव्हा त्यातून पहिल्या त्याच गेल्या.